सोबत एम.कॉम.

बारसे असो, मुंज असो की साखरपुडा, वाणिज्य शाखेतला तरुण भाचा हाती लागला की मामांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘सध्या काय चाललंय?’ उत्तरही ठरलेले : ‘सीए करतोय.’ मामा मान डोलावतात. मग भाच्याचा आवाज किंचित उतरतो आणि दुसरे वाक्य येते, ‘आणि सोबत एम.कॉम.’ तोवर मामांचे लक्ष मठ्ठ्याकडे गेलेले असते.

त्या ‘सोबत’मध्ये एका पदवीची सगळी कुंडली आहे. मंडईत भाजी घेतल्यावर वरून कढीपत्त्याची काडी मिळते, तशी ही पदवी. नुसता कढीपत्ता आणायला पिशवी घेऊन कोणी घरून निघत नाही. ‘सोबत एमबीबीएस चालू आहे’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही, ‘सोबत आयआयटी’ तर नाहीच. एम.कॉम. मात्र सीएसोबत असते, सीएससोबत असते, बँकेच्या नोकरीसोबत असते, लग्न ठरेपर्यंतच्या दिवसांसोबतही असते. आणि तरी महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुले-मुली या अभ्यासक्रमाला नाव घालतात. त्यांतल्या मोठ्या गटाची पसंती ‘अकाउंटन्सी’ या विशेष विषयाला असते.

अभ्यासक्रम कागदावर भक्कम आहे. मुंबई विद्यापीठात एम.कॉम.ला अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी, बिझनेस मॅनेजमेंट आणि बँकिंग अँड फायनान्स अशा वाटा आहेत. दोन वर्षे, चार सत्रे. अनेक वर्षे चाललेल्या रचनेत पहिल्या वर्षी स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, व्यवसायासाठीचे अर्थशास्त्र, कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंग, संशोधनपद्धती अशी सर्वांची सामाईक पंगत आणि दुसऱ्या वर्षी खरे पक्वान्न : अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शिअल अकाउंटिंग, डायरेक्ट टॅक्स, कॉर्पोरेट फायनान्शिअल अकाउंटिंग, जीएसटी, फायनान्शिअल मॅनेजमेंट. प्रत्येक सत्राला २४ क्रेडिट, एकूण ९६. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा हिशेब ८८ क्रेडिटवर आला. त्यात संशोधनाला आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला वेगळी जागा मिळाली, आणि एका वर्षावर थांबणाऱ्याला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभाही मिळाली.

बऱ्याच कॉलेजांत हे तास संध्याकाळी भरतात. सकाळी अकरावी-बारावी, दुपारी बी.कॉम. आणि दिवेलागणीला एम.कॉम. असा त्या वर्गाचा दिवस. फळ्यावर दुपारचा घसारा अर्धवट पुसलेला असतो. मुले येतात तीच ऑफिसातून. कोणी ऑडिटवरून आलेले, कोणी जीएसटीचे रिटर्न भरून, कोणाच्या गळ्यात अजून कंपनीचे ओळखपत्र. पहिला तास सुरू होतो तेव्हा निम्मा वर्ग लोकलमध्ये असतो.

आत काय शिकवले जाते, हे एकदा जवळून पाहायला हवे.

एच लिमिटेड आणि एस लिमिटेड या दोन कंपन्या वाणिज्य शाखेच्या मुलांना सख्ख्या नातेवाइकांइतक्या ओळखीच्या. त्या काय बनवतात, त्यांचे कारखाने कुठे आहेत, कोणालाही ठाऊक नाही. एच म्हणजे होल्डिंग, एस म्हणजे सबसिडियरी. पिढ्यानपिढ्या एच ही एसचे शेअर विकत घेते आहे आणि पिढ्यानपिढ्या मुले दोघींचा मिळून एक ताळेबंद मांडत आहेत. समजा, एसचे भागभांडवल १० लाख आणि गंगाजळी ४ लाख. एचने तिचे ८० टक्के शेअर १२ लाखांना घेतले. एसची निव्वळ मालमत्ता १४ लाख, तिचे ८० टक्के म्हणजे ११ लाख २० हजार. वर मोजलेले ८० हजार म्हणजे गुडविल, मराठी पुस्तकांतला नावलौकिक. पुढे एसची गंगाजळी ७ लाखांवर गेली. वाढलेल्या ३ लाखांतले २ लाख ४० हजार एचचे, आणि उरलेल्या २० टक्केवाल्या अल्पमत भागधारकांचा वाटा १७ लाखांवर ३ लाख ४० हजार.

इथवर सगळे भागाकार-गुणाकार. मग गणिताच्या शेवटच्या ओळीत खोच येते. एसने १ लाखाचा माल एचला सव्वा लाखाला विकला आणि वर्षअखेर तो एचच्या गोदामातच पडून आहे. एसच्या वहीत २५ हजारांचा नफा लागला. पण घरातल्या थोरल्याने धाकट्याला सायकल विकली म्हणून घर श्रीमंत होते का? कुटुंबाच्या दृष्टीने काहीच विकले गेलेले नाही, तेव्हा नफा वगळायचा. पूर्ण २५ हजार, की एचच्या वाट्याचे २० हजारच? यावर एके काळी पुस्तकांत मतभेद होते. आजची मानके पूर्ण वगळायला सांगतात. का सांगतात? कारण त्यांनी ‘कंपनी म्हणजे कोण’ या प्रश्नाचे एक उत्तर स्वीकारले आहे : समूह हा एक देह आहे आणि अल्पमत भागधारकही त्याच देहाचा भाग आहेत, बाहेरचे धनको नव्हेत.

हा ‘का’ खरा पदव्युत्तर प्रश्न. सीएच्या क्लासमध्ये या ओळीला ‘वर्किंग नोट नंबर चार’ म्हणतात आणि ती तीस सेकंदांत संपते. तिथे घाई असणे साहजिक आहे, परीक्षा तशी आहे. एम.कॉम.च्या वर्गाने इथे थांबावे, अशी अपेक्षा. पण तिथेही समोर बसलेल्या निम्म्यांनी हे गणित क्लासमध्ये केलेले असते, उरलेल्या निम्म्यांना अल्पमत भागधारकांचा वाटा पुन्हा समजावून सांगावा लागतो आणि पावणेआठला शिपाई दिवे बंद करायला येतो.

ही पदवी ‘सोबत’ची झाली, याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत आहे.

१९१३ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. वाणिज्य शिकवणारे आशियातले पहिले कॉलेज म्हणून ते ओळखले जाते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले, आणि भारतीय लेखापालनाचे पितामह मानले जाणारे के. एस. अय्यर यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. त्याच वर्षी इंडियन कंपनीज अ‍ॅक्ट आला आणि कंपन्यांचे हिशेब सरकारने प्रमाणपत्र दिलेल्या माणसाकडूनच तपासून घेणे भाग पडले. आता ते प्रमाणपत्र कोणाला द्यायचे? कॉलेजातून हिशेबशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला, असे उत्तर निघू शकले असते. तसे झाले नाही. १९१८ मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’, म्हणजे जी.डी.ए., ही वेगळी परीक्षा सुरू केली. तिला जोड होती मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करण्याची. इंग्लंडातली ‘आर्टिकल्ड क्लार्क’ची रीत बोटीने मुंबईत उतरली ती अशी.

पाच वर्षांच्या आत एकाच शहरात दोन दरवाजे उघडले. एकातून पदवी मिळे, दुसऱ्यातून सही.

हे दोन्ही दरवाजे आतून पाहिलेला एक शिक्षक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात सिडनहॅममध्ये राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही त्यांची व्याख्याने ऐकायला येत. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. जे. आर. बाटलीबॉय यांची हिशेबावरची पाठ्यपुस्तके पुढे कित्येक पिढ्यांनी वापरली. त्यांची संस्था म्हणजे आजच्या भाषेत ‘क्लास’. ‘क्लासवाल्यांनी कॉलेज बुडवले’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की क्लास शतकभर जुना आहे आणि त्यात शिकवायला गेलेली माणसे साधी नव्हती. शिवाय आंबेडकरांचा स्वतःचा अभ्यासविषय सरकारी पैशांचा होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध लिहिला होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिशेबाच्या वहीला ‘का’ विचारण्याचा याहून चांगला नमुना वाणिज्याच्या वर्गाला कुठे मिळणार?

पुढचा प्रवास सहीच्या बाजूने झाला. १९३२ च्या नियमांनी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’, म्हणजे आर.ए., आले. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली संस्था उभी राहिली आणि मुंबईचे जी. पी. कपाडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. विद्यापीठांचे वाणिज्य विभाग आपल्या जागी राहिले, कॉलेजे वाढली. माटुंग्याचे पोदार १९४१ चे, पुण्याचे बीएमसीसी १९४३ चे, पार्ल्याचे डहाणूकर १९६० चे. पदव्या वाढत गेल्या. सही मात्र विद्यापीठाच्या आवारात कधी आलीच नाही. आज एखाद्या एम.कॉम.ने आयुष्यभर अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी शिकवली तरी आपल्या हाउसिंग सोसायटीच्या शेजारच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ताळेबंदावर त्याला ऑडिटर म्हणून सही करता येत नाही. त्याने शिकवलेल्या मुलाला येते.

तो मुलगा सहीपर्यंत पोचला तर. मे २०२४ च्या सीए फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र बसलेल्यांपैकी १९.८८ टक्के उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे प्रमाण १३.४४ टक्के होते. म्हणजे शंभरातले ऐंशीहून जास्त जण त्या दिवशी निकाल पाहून फोन उलटा ठेवतात. घरात कोणी काही बोलत नाही. अशा वेळी ‘सोबत’चा अर्थ बदलतो. अटेम्प्टमागून अटेम्प्ट जात असताना बायोडेटावर वर्षे रिकामी दिसू नयेत म्हणून एम.कॉम. असते. स्थळ पाहायला आलेल्यांना सांगायला असते. आणि पंचविशी उलटल्यावर, पाचव्या अटेम्प्टनंतर, जेव्हा मुलगा स्वतःशी कबूल करतो की आता पुरे, तेव्हा हातात असलेली एकच गोष्ट म्हणून असते. या पदवीची ही सामाजिक कामगिरी कुठल्याही मूल्यांकन समितीच्या तक्त्यात येत नाही. पण ती खरी आहे, आणि तिला नाक मुरडणाऱ्यांनी एखादा सीए निकालाचा दिवस त्या घरात काढून पाहावा.

ही पदवी मनापासून, पहिली म्हणून घेणारेही असतात. त्यांतल्या बहुतेकांची नजर शिकवण्याकडे असते. बी.एड. जोडले की कनिष्ठ महाविद्यालय. नेट किंवा सेट झाले की वरिष्ठ. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एम.कॉम.ला ५५ टक्के आणि सेट, असा पूर्वी खात्रीचा रस्ता होता. आता रस्ता आहे, पण पुढे फलक लागलेला असतो : ‘तासिका तत्त्व’. म्हणजे सीएचबी. शिकवलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा नवी मुलाखत. सकाळी एका कॉलेजात कॉस्टिंग, दुपारी दुसऱ्यात टॅक्स आणि संध्याकाळी क्लासमध्ये बारावीचे ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ असा दिवस काढणारे सीएचबीवाले प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. त्यात मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंटची पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची धरली. म्हणजे सीए झालेल्याला नेटला बसायला एम.कॉम.ची गरज उरली नाही. निर्णय न्याय्यच होता. पण दरवाजे एकाच बाजूने उघडतात, हेही त्यातून दिसले. सीएला विद्यापीठात येता येते. एम.कॉम.ला सहीकडे जाता येत नाही.

अमेरिकेत याच पदवीचे नशीब उलट निघाले, म्हणून ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

तिथे सीपीएचा, म्हणजे तिथल्या सीएचा, पहिला कायदा न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये केला. सही राज्याची, परीक्षा समाईक, पण परीक्षेला बसायची वाट विद्यापीठातून गेली. १९८३ मध्ये फ्लोरिडाने एक पाऊल पुढे टाकले : परवान्यासाठी १५० क्रेडिट तास हवेत. चार वर्षांची पदवी होते साधारण १२० ची. १९८८ मध्ये सीपीएंच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांनी या नियमाच्या बाजूने कौल दिला आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. १२० आणि १५० यांतले ३० तास कुठून आणायचे? विद्यापीठांनी उत्तर तयार ठेवले : एका वर्षाचा ‘मास्टर ऑफ अकाउंटन्सी’. पदवी आणि सही यांची तिथे अशी गाठ बांधली गेली.

त्या अभ्यासक्रमाची उत्तम जाहिरात एका घोटाळ्यांच्या मोसमाने केली. एन्रॉनच्या अधिकारी शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहून कंपनीच्या हिशेबांतला धोका सांगितला. त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतून लेखापालनात पदव्युत्तर पदवी घेतली होती. आणि वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांनी अलाबामा विद्यापीठातून मास्टर ऑफ अकाउंटन्सी केले होते. २००२ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातल्या व्यक्ती म्हणून ज्या तिघींना निवडले, त्यांत या दोघी होत्या. एफबीआयच्या कोलीन राउली तिसऱ्या.

कूपर यांनी काय पकडले, ते आपल्या अकरावीच्या मुलालाही कळेल. दुकानाचे भाडे भरले तर तो त्या वर्षाचा महसुली खर्च. दुकान विकत घेतले तर भांडवली खर्च, तो मालमत्तेत दिसतो आणि दरवर्षी घसाऱ्याने थोडाथोडा झिजतो. अकरावीच्या पहिल्या चाचणीत हा फरक विचारतात, पाच गुणांना. वर्ल्डकॉम दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरायचे पैसे भरत असे, म्हणजे शुद्ध भाडे. तोट्यात दिसू नये म्हणून वरिष्ठांनी ते भाडे मालमत्तेच्या खात्यात ढकलले. कूपर आणि त्यांचे सहकारी ऑफिस रिकामे झाल्यावर रात्री बसून नोंदी शोधत राहिले, आणि जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा हा ‘खर्च’ बाहेर आला. पुढे आकडा आणखी वाढला. बाहेरच्या ऑडिटरची, म्हणजे आर्थर अँडरसनची, सही त्या हिशेबांवर झालेली होती. वॉटकिन्स आणि कूपर या दोघी सीपीएही होत्या, हे खरे. पण त्यांच्या कंपन्यांच्या ताळेबंदांवर त्यांची सही नव्हती. त्यांनी फक्त विचारले की ही नोंद इथे का आहे. आपल्याकडे ‘सत्यम’च्या ताळेबंदात बँकेत दाखवलेल्या शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच, हे ७ जानेवारी २००९ ला खुद्द अध्यक्षांनी पत्र लिहून सांगेपर्यंत बाहेर कोणाला कळले नाही. तिथेही हिशेबांवर सह्या होत्या.

आता अमेरिकेतली ती गाठ सुटू लागली आहे. मुले अकाउंटिंगकडे फिरकेनात. २०१९ ते २०२१ या काळात तीन लाखांहून अधिक लेखापाल आणि ऑडिटर तो पेशा सोडून गेले. पाचव्या वर्षाची फी भरून शेवटी संगणकवाल्या मित्राहून कमी पगार घ्यायचा, हे गणित तिथल्या मुलांनी वर्किंग नोट न काढता सोडवले. शेवटी राज्येच नमली. जानेवारी २०२५ मध्ये ओहायोने कायदा बदलला : साधी पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा, एवढे पुरे. व्हर्जिनिया, युटा आणि इतर राज्येही त्याच वाटेने निघाली. दोन वर्षांचा अनुभव म्हणजे काय? मुंबईत १९१८ पासून ज्याला उमेदवारी म्हणतात तेच की.

आणि नेमक्या या वेळेला आपल्या एम.कॉम.ला परदेशात भाव आला होता, हा दैवदुर्विलास. आपले तीन वर्षांचे बी.कॉम. अमेरिकी मोजमापात साधारण ९० क्रेडिटचे धरतात. दोन वर्षांचे एम.कॉम. ६० चे. दोन्ही मिळून बरोबर १५०! सीपीएची परीक्षा २०२० पासून मुंबईसह भारतातल्या आठ शहरांत देता येऊ लागली आणि ‘बी.कॉम. अधिक एम.कॉम. म्हणजे सीपीए पात्रता’ असे फलक रेल्वे स्टेशनबाहेर झळकले. स्वतःच्या देशात सहीपर्यंत न पोचलेली पदवी सातासमुद्रापार सहीची पायरी झाली. ती पायरीच आता तिथले लोक काढायला बसले आहेत.

पगाराच्या बाजाराने मात्र या पदवीला आडवाटेने जागा करून दिली आहे. पुण्यात हिंजवडी-खराडीला, नवी मुंबईत ऐरोलीला परदेशी कंपन्यांचे हिशेब ठेवणारी केंद्रे उभी आहेत. तिथल्या जाहिरातीत ‘सीए इंटर, एम.कॉम., एमबीए फायनान्स’ एका ओळीत येतात. कामाला नाव ‘आर टू आर’, म्हणजे रेकॉर्ड टू रिपोर्ट. महिनाअखेरीला जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या एच लिमिटेडसाठी दहा-बारा देशांतल्या एस लिमिटेड एकत्र करायच्या. पुस्तकातली ती बिनपत्त्याची कंपनी इथे खरोखर भेटते. तिला पत्ता असतो, चलन वेगळे असते आणि तिचा कंट्रोलर रात्री साडेनऊला कॉलवर विचारतो की हा आंतरकंपनी नफा वगळला का नाही.

अभ्यासक्रम कायदे-मानकांच्या वेगाने बदलू शकतो का, हा वेगळाच झगडा. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना भारतीय लेखा मानके, म्हणजे इंड-एएस, लागू झाली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि एक्साइज-सेवाकराच्या नोट्स रद्दीत गेल्या. २०१९ मध्ये भाडेकरारांचे ११६ क्रमांकाचे मानक आले आणि भाड्याच्या विमानांवर चालणाऱ्या विमान कंपन्यांची जी देणी पूर्वी तळटीपेत असत, ती ताळेबंदाच्या पोटात येऊन बसली. आता १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा, १ एप्रिल २०२६ पासून. ८१९ कलमांची ५३६ झाली. मागले वर्ष आणि आकारणी वर्ष यांचा घोळ, जो समजावून सांगण्यात प्रत्येक टॅक्सच्या सरांचा पहिला तास जाई, तो संपून एकच ‘कर वर्ष’ राहिले. कलम ८०-सी ही तर निम्म्या मध्यमवर्गाची तोंडपाठ आरती होती, तिचाही क्रमांक बदलला. क्लासवाला नव्या नोट्स आठवड्यात छापतो. विद्यापीठाला अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद असे मुक्काम करत जावे लागते. तोपर्यंत वर्गातल्या आर्टिकल्ड मुलांनी नवी कलमे ऑफिसात वापरून झालेली असतात आणि सर मुलांना विचारतात, असे उलटे दृश्य दिसते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण हे ज्ञान वर्गात मुद्दाम आणायची सोय कुठल्या अभ्यासक्रमात आहे? नव्या धोरणातले चार क्रेडिटचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आर्टिकलशिप करणाऱ्या मुलापुढे ठेवले जाते तेव्हा ते पोहणाऱ्याला टबात उतरवण्यासारखे होते.

राहिला प्रोजेक्ट. मुंबईत त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळे रेक्झिनचे पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरे. मार्च उजाडला की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. ‘स्पायरल की ब्लॅक बुक?’ एवढाच प्रश्न दुकानदार विचारतो. विषय त्याला पाठ असतात, कारण ते दरवर्षी तेच असतात : अमुक भागातल्या गुंतवणूकदारांची म्युच्युअल फंडांबद्दलची जाणीव, जीएसटीचा छोट्या व्यापाऱ्यांवरचा परिणाम. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेला गुगल फॉर्म, मावशी-आत्या धरून शंभर उत्तरे, वर्तुळाकार आलेख आणि निष्कर्ष असा की जाणीव वाढायला हवी. वाईट याचे वाटते की हिशेबांवर संशोधन करायला महाराष्ट्राइतकी सुपीक जमीन क्वचित असेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत. मराठेशाहीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांचा आधार घेतला. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून वेचे काढले आणि इंग्रजीत त्यांना ‘डायऱ्या’ असे नाव पडले. त्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी प्रस्तावनापर निबंध लिहिला. म्हणजे राज्याच्या खर्चाच्या वह्या वाचून समाज कळतो, हे इथल्या माणसांना सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. सहकारी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, बुडालेल्या पतसंस्थांचे ताळेबंद, गिरण्यांचे हिशेब, देवस्थानांच्या वह्या हे सारे आजही हाताशी आहे. एखादा सर हट्टाने असा विषय देतो, एखादी मुलगी आपल्या गावच्या दूध संघाचे दहा वर्षांचे अहवाल घेऊन बसते आणि दूधदरापेक्षा व्याजावरचा खर्च कसा वाढत गेला ते तक्त्यात मांडते. असे ब्लॅक बुक जाडीने कमी असते. दुकानदार हळहळतो, कारण रंगीत आलेख कमी म्हणजे त्याचे पैसे कमी.

तोंडी परीक्षा बहुधा एप्रिलमध्ये येते. नेमके त्याच पंधरवड्यात बँक ऑडिट असते, आणि आर्टिकलशिपवाली मुले कुठे परभणीच्या तर कुठे चिपळूणच्या शाखेत थकीत कर्जांच्या याद्या तपासत असतात. प्रिन्सिपलची, म्हणजे सीए सरांची, एक दिवसाची सुट्टी मागून, रात्रीची एसटी पकडून ती व्हायव्हाला पोचतात. बाहेरच्या बाकावर बसून घाईघाईने पुस्तक चाळतात. पहिल्या पानावर कॉलेजचे नाव, दुसऱ्यावर प्रमाणपत्र. त्यावर मार्गदर्शकाची सही हवी, विभागप्रमुखाची हवी, बाह्य परीक्षकाची हवी. त्यांच्यासाठी ठिपक्यांच्या रेघा आखलेल्या असतात. त्यापुढच्या पानावर विद्यार्थ्याचे निवेदन : हे काम माझे स्वतःचे आहे, याआधी ते कुठे सादर केलेले नाही. तिथेही एक रेघ असते आणि ती बहुतेकांची कोरीच राहून गेलेली असते. आतून नाव पुकारले जाते. मुलगी शेजारणीकडून पेन मागते, गुडघ्यावर पुस्तक टेकवून तिथे सही करते आणि दार ढकलते. दुपारी दोनच्या गाडीने तिला परत शाखेत पोचायचे आहे.